अनुदान: मालकाचे की कसणाऱ्याचे?

महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारकडे जे मागितले, त्यात बंधारे आणि तळी होती. फौज-पोलिसांतल्या माणसांना मोकळ्या वेळी या कामाला लावा, डोंगरावरून वाहून जाणारे पाणी शेतात मुरवा, असे त्यांचे सांगणे होते. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते, तेव्हा तिचा वाटा त्याच्या जमिनीकडे परत यायलाच हवा, हा त्यामागचा विचार.

त्याच वर्षी इंग्रज सरकारने जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला, पुढच्या वर्षी शेतकरी कर्जाचा. विहिरीला, बैलाला तगाई मिळू लागली. पण ते कर्ज होते. विहिरीला पाणी लागले नाही तरी हप्ता सहसा चुकत नसे. दुष्काळाचा सगळा भार शेवटी शेतकऱ्याच्याच माथी राहिला.

तो भार सगळ्या समाजाने उचलावा, ही समज रुजली १९७२च्या दुष्काळात. सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी तेव्हा राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने व्यवसाय कर भरायचा आणि त्यातून माण-खटावसारख्या भागात पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची मजुरी भागायची. या व्यवस्थेत सातबारा लागत नव्हता. कामाला येणारे हात पुरत. म्हणून भूमिहीन माणूस आणि घरची बाई दोघेही तिचे हक्कदार झाले.

१९९० पासून रोजगार हमीतूनच फळबागा आल्या. ठिबकला, शेततळ्याला अनुदान आले. पैसा गावाच्या तलावावरून एकेकाच्या बांधावर पोचला. त्याने डाळिंब पिकले, पाणी वाचले. पण अनेक योजनांत आधी पदरचे घालायचे आणि मग अनुदानाची वाट पाहायची. हातात भांडवल नसलेला तिथेच मागे पडला.

२०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये थेट खात्यात येतात. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरीचे आणखी ६,००० घातले. मधला माणूस गेला, हा मोठाच फायदा. पेरणीच्या तोंडावर दोन हजारांचा हप्ता आला की बियाण्याची उधारी कमी होते. पण हा पैसा जमिनीच्या नोंदीमागे जातो. वाट्याने किंवा खंडाने रान करणाऱ्याला तो मिळत नाही. खुरपणीपासून काढणीपर्यंत राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर तीही त्याबाहेर. रोजगार हमीने दिलेला कष्टाचा मान इथे मालकीकडे गेला.

मालकीपलीकडची वाट याच भागात दिसली आहे. खटाव तालुक्यात वडूजजवळून वाहणारी येरळा नदी पुढे सांगलीच्या खानापूर तालुक्यात जाते. १९८०च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर तिथल्या शेतकऱ्यांनी तिच्यावर बळीराजा धरण उभे केले. भूमिहीनालाही पाण्यात वाटा हवा, हा आग्रह त्या चळवळीने धरला. अनुदानाचा विचार आता त्या दिशेने न्यायला हवा. खात्यातले पैसे चालू राहावेत. त्यांची गरज खरी आहे. पण रान कोण कसते याची नोंद ग्रामपंचायतीने दरवर्षी करावी, वाटेकरी आणि बाया तिच्यात याव्यात, आणि मदत त्या नोंदीने मिळावी. गावाच्या पाण्याला निधीत पहिला मान असावा. पुढच्या दुष्काळाची भीती ज्याने कमी होते, तेच अनुदान सार्थकी लागले म्हणायचे.