नांगर आवरणारे गाव

इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन नावाचे लहानसे गाव आहे. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत त्याचा उल्लेख सापडतो. तेथील जुने चर्च पाहण्याजोगे खरेच. पण आम्हांला ओढ वाटते ती कुंपण नसलेल्या तीन मोठ्या शेतांची. आळीपाळीने एक शेत पडीक ठेवून इतर दोहोंतील पट्टे ज्याचे त्याने कसावेत, हा मध्ययुगीन दंडक तेथे अद्याप चालतो. हिवाळ्याच्या तोंडी गावचे पंच नवी पेरणी पाहतात. सामाईक वाटेत कोणाचा नांगर शिरला असेल, तर त्यास दंड होतो. दंड किरकोळच. मग पंचांच्या धाकाने नांगर आवरणारा मनुष्य वारसा जपतो, की नुसती भीड राखतो? आमच्या मते ही चिकित्सा फार ताणू नये. भिडेखातर का होईना, वाट मोकळी राहते. देवळातील पाळीची सेवा केवळ लोकलाजेने करणाऱ्यास आम्ही तरी कोठे परत पाठवतो?