रतामाच्या झाडाखालची भाकर

शास्त्रभाग: १ राजे, अध्याय १९, वचनें १ ते २१



एरंडोलाकडचें वैशाखांतील ऊन ज्यानें सोसलें आहे त्यास एलीयाची ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाहीं. काळी जमीन भेगाळलेली, पऱ्हाट्या उपटून शेत उघडें पडलेलें, आणि अशा वेळीं बाभळीच्या विरळ सावलीसही मनुष्य कसा कृतज्ञ होतो हें आपण जाणतां. एलीया रानांत एक दिवसाची वाट चालून असाच एका रतामाच्या झुडुपाखालीं बसला आणि आपला प्राण काढून घ्यावा अशी त्यानें परमेश्वराजवळ प्रार्थना केली.

हा मनुष्य कोण हें विसरूं नये. कांहीं दिवसांपूर्वींच कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेनें आकाशांतून अग्नि पडला होता, आणि तीन वर्षांच्या अवर्षणानंतर पाऊसही आला होता. भित्रा मनुष्य अहाबासमोर उभा राहिला नसता. तरी ईजबेलीचा एक निरोप आला आणि तो पळाला. बळ पराजयानंतरच सरतें असें नाहीं. मोठ्या विजयाच्या दुसऱ्या दिवशींही तें सरतें. ज्या उपदेशकानें नाताळांत चार गांवें फिरून गाणीं, भजनें, उपदेश सर्व उत्साहानें केलें, त्याचेंच मन माघांत कां सुकतें, याचें उत्तर येथें आहे.

मग देवानें काय केलें? रागें भरला नाहीं, त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेतली नाहीं. दूतानें त्यास स्पर्श करून उठविलें. उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें होतें. एलीया जेवला व पुन्हा निजला. दूत दुसऱ्यांदा आला व त्यानें पुन्हा जेवावयास सांगितलें, कारण पुढची वाट त्यास झेपण्यासारखी नव्हती. पुष्कळ प्रवचनांत हा भाग घाईनें उरकून होरेबावरील मंद वाणीकडे धांवत जातात. आम्हांस तें बरें वाटत नाहीं. होरेब चाळीस दिवसांच्या वाटेवर होतें, आणि ती वाट त्या भाकरीच्या बळावर चालून झाली.

आपल्या मंडळ्यांत एक गाऱ्हाणें वारंवार कानीं येतें: बाप्तिस्मा झाला, प्रार्थना करितों, तरी बळ येत नाहीं. असें म्हणणाऱ्यास वाटतें कीं बळ म्हणजे विहीर, एकदां खणली कीं जन्मभर पुरेल. पवित्र शास्त्रांत तर तें भाकरीसारखें दिसतें. आज खाल्ली, उद्यां पुन्हा भूक. रानांतील मान्नाही दुसऱ्या दिवसाकरितां ठेवला तर किडत असे, एका शब्बाथापुरताच अपवाद होता. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंतही रोजचीच भाकर मागावयाची आहे.

एरंडोल एके काळीं हातकागदासाठीं नांवाजलेलें होतें. देशी कागदाची जुनी रीत पाहिली तर चिंध्या व जुना ताग भिजवावा, कुटावा, धुवावा, पुन्हा कुटावा; मग लगदा पाण्यांत कालवून जाळीवर उचलावा, वाळवावा, खळ लावावी आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें घोटावा. खळ न लाविलेला कागद दिसावयास कागदच, पण त्यावर बोरू टेकला कीं शाई फुटते. बाप्तिस्मा झाला पण पुढें रोजचें वाचन व प्रार्थना नाहीं, अशा जीवनाची गत याहून निराळी होत नाहीं.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत त्यांचे आईबाप व थोरली बहीण गेलीं. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति गेले. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. एवढ्यानें त्यांस शांति मिळाली काय? १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत त्या स्पष्ट सांगतात कीं धर्म सांपडला होता, पण स्वतः ख्रिस्त सांपडावयास आणखी कित्येक वर्षें लागलीं. एवढ्या मोठ्या विदुषीनें हें कबूल करावें, आणि आपण मात्र बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांत पूर्ण बळ कां आलें नाहीं म्हणून खट्टू व्हावें!

आणि बळ आल्यावर त्यांच्या वाट्यास काय आलें? विश्रांति नव्हे. १८९६–९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुली व विधवा यांस घेऊन आल्या. केडगांवीं मुक्ति सदन वाढलें, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथें सुमारें दोन हजार जीवांस रोज भाकर लागत असे. ऐकूं येणें कमी झालेलें. उतारवयांत त्या इब्री व हेल्लेणी भाषांवरून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरवीत बसल्या, कारण खेड्यांतील अल्पशिक्षित बाईस तें कळावें ही त्यांची इच्छा होती. खिळे जुळविणें, छापणें हें काम मुक्तींतल्याच स्त्रियांनीं केलें. जिच्या हातीं सर्व कारभार सोंपवावयाचा ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैंत वारली. आईनें काम सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. छापलेलें पूर्ण शास्त्र १९२४ सालीं बाहेर आलें, तें त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं. नऊ महिन्यांचें तें पुत्रीवियोगाचें दुःख त्यांनीं कसें काढलें, हें ज्यांच्या घरांत लेंकरूं गेलें आहे त्यांस आम्ही सांगावयास नको.

आतां एलीयाकडे परत येऊं. होरेबावर तो दोनदां एकच गाऱ्हाणें करितो कीं मी एकटाच उरलों. गांवांत ख्रिस्ती म्हणून एकच घर असलें, पाणवठ्यावर व लग्नकार्यांत तें वेगळें पडलें, म्हणजे हीच ओळ तोंडीं येते. परमेश्वर ती ऐकतो, पण एलीयाचा हिशेब कबूल करीत नाहीं. बआलापुढें गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत असें तो सांगतो. एलीयास त्यांतला एकही दिसला नव्हता. म्हणून, उपदेशकांनो, ज्या गांवीं एकच घर आहे तेथें आधीं जा. जेथें गर्दी जमते तेथें मागाहून गेलें तरी चालेल. जातांना लांब उपदेश तयार करूं नका. हा अध्याय वाचा, त्या घरची भाकर त्यांच्याबरोबर खा, आणि घरांतील आजारी माणसाचें नांव घेऊन प्रार्थना करा.

एलीया त्या डोंगरावरून उतरला तो बसून राहावयास नव्हे. वाटेंत त्यास अलीशा शेत नांगरतांना भेटला. पुढें बैलांच्या बारा जोड्या, आणि बाराव्या जोडीबरोबर तो स्वतः. एलीयानें जवळून जातांना आपला झगा त्याच्या अंगावर टाकला. अलीशानें बैलांची जोडी कापली, औताच्या लांकडांवर मांस शिजवून लोकांस जेवूं घातलें, आणि तो त्याच्या मागें निघाला.