एकट्याला पचत नाही

उन्हाळा सरत आला की बुलढाणा तालुक्यातल्या धाडच्या शिवारात उकिरडे उपसायला सुरुवात होते. वर्षभर साठवलेलं शेण, गोठ्यातला केरकचरा, गुरांनी टाकलेलं कुटार शेतात पडतं. पाऊस आला की पेरणीची घाई, म्हणून हे काम आधीच उरकायचं असतं. फावडं खोल गेलं की खतातून पांढऱ्या, जाडजूड, अर्धगोल वळलेल्या अळ्या निघतात. डोकं तांबूस, अंग दुधाळ, मागचा भाग काळपट. कुणी तिला हुमणी म्हणतं, कुणी उन्नी, आणि बहुतेक वेळा तिथेच तिचा निकाल लागतो.

आज तिच्या त्या काळपट भागाचा विचार करू. तो रंग कातडीचा नाही. पातळ कातडीतून आत दिसतं ते तिचं मागचं आतडं, पिशवीसारखं फुगलेलं आणि कुजक्या खताने भरलेलं. तिचं सगळं जगणं त्या पिशवीवर चालतं.

अळी काय खाते ते पाहा. चारा आधी गाईने खाल्लेला असतो. गाईच्या कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांनी त्यातलं जमेल तेवढं पचवलेलं असतं. त्यांनाही जे जमलं नाही, ते शेणातून बाहेर पडतं. हा चिवट उरलेला भाग म्हणजे अळीचं ताट. त्यात सेल्युलोज असतं आणि त्याला घट्ट बिलगलेलं लिग्निन असतं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. भाकरीतल्या पिठातही ग्लुकोजच असतं, पण तिथली जोडणी आपल्या पोटाला सुटते आणि सेल्युलोजची सुटत नाही. ती सोडवणारं विकर आपल्या किंवा गाईच्या अंगात तयारच होत नाही. जीवाणू मात्र ते तयार करतात.

अशा अळ्यांच्या पोटाचा बारकाईने अभ्यास जर्मनीत झाला. पॅक्नोडा नावाच्या आफ्रिकी भुंग्याची अळीही कुजका पालापाचोळा खाऊन वाढते. तिच्या मधल्या आतड्याचा सामू दहाच्या वर भरला. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला या आकड्याचा अर्थ लगेच कळावा, कारण लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्याचा सामूही दहाच्या आसपास असतो. २०२०च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात मिठात रमणारे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवून दिलं. जिथे मासाही जगत नाही, तिथे सूक्ष्म जीवांची दाट वस्ती असते. तशीच वस्ती बोटभर अळीच्या पोटातही असते.

अळीच्या मधल्या आतड्यातल्या या तीव्र अल्कलीत आधी खताचा चिवटपणा सैल होतो. मग ते मागच्या पिशवीत उतरतं. तिथे सामू खाली येतो, प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि जीवाणू साखळ्या तोडून त्या आंबवतात. त्यातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार होतं. आतड्याच्या भिंतीतून ते अळीच्या अंगात शोषलं जातं आणि तिला त्यातून ऊर्जा मिळते. सोबत मिथेनही तयार होतो. १९९४ साली नेदरलँड्समधल्या हॅकस्टीन आणि स्टुम या संशोधकांनी कितीतरी कीटक आणि त्यांच्यासारखे जीव तपासले. मिथेन सोडणारे त्यांना मोजक्याच गटांत सापडले: वाळवी, झुरळं, पैसा किडे आणि याच अळ्यांच्या कुळातले भुंगे. गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीत जे घडतं, तेच इथे पोटात घडतं.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. अळी वाढते तेव्हा कात टाकते. त्या वेळी वरच्या कातडीबरोबर मागच्या आतड्याचं अस्तरही निघून जातं, आणि अस्तराला चिकटून बसलेले जीवाणूही त्याबरोबर जातात. मोठं होण्यासाठी तिला आपले सोबती गमवावे लागतात आणि पुन्हा जमवावे लागतात. वाळवी ते आपल्या भावंडांकडून घेते. खतातली अळी एकटी असते, तिला ते घासाघासातून मिळवावे लागतात. म्हणून तिला नुसतं अन्न पुरत नाही, जिवंत अन्न लागतं. उकिरडा मेला तर अळीही उपाशी मरेल.

आपली गोष्ट फार वेगळी नाही. ज्वारीच्या भाकरीतला, हरभऱ्याच्या डाळीतला जो तंतू आपल्याला पचत नाही, तो आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आपल्याच आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. मी कमावलं, मी खाल्लं, मी पचवलं, असं माणूस सहज म्हणतो. त्यातलं शेवटचं वाक्य तरी खरं नाही. पचवण्याच्या कामात आपण कायम कुणाचे तरी ऋणी असतो, आणि ज्यांचे ऋणी असतो ते डोळ्यांना दिसतही नाहीत. दिसत नाही त्याचं ऋण मानणं अवघड असतं. तरीही ते मानायला हवं.

म्हणजे अळीला पिकात मोकळं सोडा असं नाही. खरी हुमणी सोयाबीनची, भुईमुगाची मुळं कुरतडते आणि उभं पीक वाळवते, हे सोसलेल्या शेतकऱ्याला कुणी शिकवू नये. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमणारे तिचे भुंगे झाडं हलवून गोळा करावेत आणि नष्ट करावेत. पण खतात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. तिला सपाट जमिनीवर ठेवून पाहा. पाठीवर उताणी होऊन सरपटली तर ती फुलभुंग्याच्या कुळातली. तिचं पोट कुजक्यावर भरतं, तिला उकिरड्यात राहू द्या. शेतात कच्चं खत टाकू नका, पुरतं कुजू द्या. त्याने हुमणीचा बंदोबस्त होतो आणि कुजवणाऱ्यांचं कामही पूर्ण होतं.

एवढंच करा. गुलाबी बोंडअळीपायी कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवता येत नाहीत हे खरं, पण बांधावर त्यांची होळी करण्याऐवजी बारीक करून खड्ड्यात भरा. कुटार, पालापाचोळा पेटवू नका. आग तासाभरात सगळं संपवते आणि मातीला मूठभर राख देते. जीवाणू आणि अळ्या तेच काम महिनोन्महिने करतात आणि मातीला पुढच्या पिकाचं अन्न देतात. त्यांना तेवढा वेळ द्या.