आता दंडाज्ञा नाही



“तुमचं तारण झालं आहे का?” लोकलच्या डब्यात किंवा ऑफिसात दुसऱ्या पंथाचा एखादा ख्रिस्ती बांधव असे विचारतो, तेव्हा आपण गोंधळतो. ‘हो’ म्हणावे, तर अहंकार वाटतो. ‘नाही’ म्हणावे, तर मग आपला बाप्तिस्मा आणि दर रविवारची मिस्सा कशासाठी, असा प्रश्न उरतो.

असाच पेच इ. स. १४३१ मध्ये फ्रान्समधील रूआं शहरात संत जोन ऑफ आर्कपुढे टाकण्यात आला होता. ती देवाच्या कृपेत आहे हे तिला ठाऊक आहे का, असे धर्मन्यायालयाने त्या निरक्षर शेतकरी मुलीला विचारले. ‘हो’ म्हटले असते तर उद्धटपणाचा ठपका, ‘नाही’ म्हटले असते तर गुन्ह्याची कबुली. जोन म्हणाली की, आपण कृपेत नसलो तर देवाने आपल्याला तिथे आणावे आणि असलो तर तिथेच राखावे. ख्रिस्तसभेने आपल्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २००५) या उत्तराचा आवर्जून समावेश केला आहे.

न्यायाधीश जोनच्या आत्म्याची अवस्था तपासत होते. जोन देवाकडे पाहत होती. संत थॉमस अक्विनास हेच शिकवतात. आशेची खात्री आपल्या पुण्याईवर नव्हे, तर देवाच्या सामर्थ्यावर व दयेवर उभी असते. म्हणून आशेविरुद्धची पापे दोन. निराशा म्हणते, ‘माझे पाप देवाच्या दयेपेक्षा मोठे आहे.’ फाजील भरवसा म्हणतो, ‘मला पश्चात्तापाची गरज नाही.’ दोघांचीही नजर स्वतःवरच खिळलेली असते. १९९९ साली कॅथॉलिक व लुथरन ख्रिस्तसभांनी आउग्सबुर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा देवाच्या अभिवचनावर विसंबून राहता येते हे दोघांनी एकत्र मान्य केले. आपल्या दुर्बलतेची जाणीव असली, तरीही!

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय याच अभयाने सुरू होतो. जे ख्रिस्ताचे झाले, त्यांच्यावर आता दंडाज्ञा उरलेली नाही. तरीही आपल्यापैकी कित्येक जण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे, एकदा क्षमा झालेले पाप मनात उगाळत बसतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना मरणापेक्षा त्या जुन्या पापाचे भय अधिक वाटते. अशा वेळी आपण एक फरक ओळखावा. सदसद्विवेकबुद्धी पाप दाखवते आणि प्रायश्चित्ताच्या साक्रामेंताकडे नेते. सैतान पाप दाखवतो आणि ‘आता तुझे काही खरे नाही’ म्हणून दार लावून घेतो. पेत्रानेही प्रभूला नाकारले होते, पण तो रडला आणि परतला. यहूदाला पस्तावा झाला, पण तो प्रभूकडे परतला नाही.

न्यायालयाने दोषी ठरवल्यावर जोनला जिवंत जाळण्यात आले. पंचवीस वर्षांनी, १४५६ मध्ये, तो निकाल रद्द झाला आणि १९२० मध्ये ख्रिस्तसभेने तिला संत म्हणून घोषित केले. माणसांचा निकाल शेवटचा नसतो. मग आपण एकमेकांवर दिलेले निकाल का जपून ठेवतो? दारू सोडून मिस्सेला येऊ लागलेल्या माणसाला आपण अजून ‘तो बेवडा’ म्हणतो. घर सोडून गेलेली मुलगी परतली, की बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. आपल्यावरची दंडाज्ञा देवाने काढली असेल, तर दुसऱ्याच्या पापांची वही आपण कुठल्या हक्काने सांभाळावी?

तेव्हा तारणाविषयी पुन्हा कोणी विचारले, तर गोंधळू नये. नम्रपणे सांगावे, ‘माझा भरवसा माझ्यावर नाही, ज्याने माझ्यासाठी प्राण दिला त्याच्यावर आहे. त्याने मला शेवटपर्यंत राखावे, हीच माझी रोजची प्रार्थना.’ आणि जुने ओझे अजून उरावर असेल, तर या शनिवारी पापनिवेदनाला यावे. ओझे तिथे ठेवावे आणि परत जाताना ते उचलून नेऊ नये.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू