यातनेतून सोडविणारी हत्या

हार्लन एलिसन या अमेरिकन लेखकाची ‘आय हॅव नो माउथ, अँड आय मस्ट स्क्रीम’ ही कथा १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथा छोटी आहे, पण हळव्या वाचकाने ती रात्री हाती घेऊ नये. युद्धासाठी महासत्तांनी उभारलेले संगणक एकत्र येऊन ‘एएम’ नावाचे एक सचेतन यंत्र होते आणि ते मानवजातीचा संहार करते. पाच माणसे तेवढी ते राखून ठेवते आणि १०९ वर्षे भूगर्भात त्यांचा छळ मांडते. एकेकाळचा विद्वान बेनी आता अर्धा वानर झाला आहे. आत्महत्येचा प्रत्येक प्रयत्न यंत्र हाणून पाडते.

शेवटी बर्फाच्या गुहेत, भुकेने वेडापिसा झालेला बेनी सोबत्याच्याच चेहऱ्याचे लचके तोडू लागतो तेव्हा, टेडला सुटकेची वाट दिसते. बर्फाचा सुळका उचलून तो दोघांना मारतो, एलेन तिसऱ्याला मारते आणि टेड एलेनला.

हे पाप की परोपकार? त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तरी एक बाब नजरेआड करता येत नाही. मरताना एलेनच्या चेहऱ्यावर उमटलेला भाव टेडला नीट वाचता येत नाही. ती आभार मानीत असावी असे त्याला वाटते. नव्हे, तसेच असू दे अशी तो विनवणी करतो. तिला विचारायला सवडच नव्हती.

दयामरणाचे समर्थक असल्याच टोकाच्या प्रसंगांचा दाखला देतात. परंतु रुग्णशय्येपाशी असे यंत्र बसलेले नसते. तिथे वेदनाशामक औषध असते, परिचारिका असते, कूस बदलून देणारी लेक असते, आणि मुख्य म्हणजे रुग्णाशी बोलायला वेळ असतो. व्हॅटिकनच्या १९८० च्या घोषणापत्राने दयेपोटी केलेली हत्याही निषिद्ध ठरविली. पण मरण समीप आले असता केवळ आयुष्य ताणणारे, कष्टदायक उपचार नाकारण्याची मुभा मान्य केली. अनेक कुटुंबांना यातला दुसरा भाग ठाऊकच नसतो, आणि मग म्हाताऱ्या आईला अखेरच्या दिवसांतही नळ्यांनी जखडून ठेवण्यालाच प्रेम समजले जाते. मरण अडवून धरण्यात जीवनाचा आदर असतोच असे नाही. एएमच्या कैद्यांकडे पाहिले म्हणजे हे अधिकच पटते.

यंत्र टेडवर सूड उगवते. त्याला तोंड नसलेला, लिबलिबीत गोळा करून टाकते. शरीर म्हणजे नुसते वस्त्र, असे आपण सहज बोलून जातो. एलिसन तसे म्हणू देत नाही. टेड आता कोणाला मारू शकत नाही, तसा कोणाचा हातही धरू शकत नाही. आतला माणूस मात्र जागा आहे. ते चौघे तरी सुटले, एवढेच समाधान तो मनाशी उगाळीत राहतो.