आटलेला धबधबा

शास्त्रपाठ : ईयोब ६ : १५–२०



वैशाखातील एका दिवशी आम्ही मंडळीतील काही तरुणांसह रंधा धबधबा पाहावयास पायी निघालो. हे स्थळ अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर, भंडारदऱ्याच्या खालच्या अंगास आहे. पावसाळ्यात आम्ही त्याची गर्जना ऐकली होती. त्या आठवणीच्या भरवशावर पिण्याचे पाणी बेताचेच बरोबर घेतले. भर दुपारी तेथे पोहोचलो, तो समोर काय? तापलेला काळा कातळ, आणि तळाशी हिरवट डोह! वर १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण आहे. त्यातून पाणी सोडलेले नसले म्हणजे उन्हाळ्यात ही धार सुकते, याचा आम्ही विचारच केला नव्हता.

परतताना एका मुलास भोवळ आली. इतक्यात वाडीच्या वाटेवर एक आजीबाई डोक्यावर हंडा घेऊन येताना दिसल्या. आम्ही काही मागण्याच्या आधीच त्यांनी हंडा उतरवला आणि म्हणाल्या, “लेकरांनो, उन्हाचं आलात, आधी पाणी प्या.” आम्ही सर्व प्यालो. मग समजले की, ओढ्यातील झऱ्याशी बसून त्यांनी ते पाणी वाटीवाटीने भरले होते, व आता त्यांस पुन्हा तितकेच चालावे लागणार होते. आम्हांस फार लाज वाटली. आमच्यापैकी दोघांनी हंडा भरून त्यांच्या दारी पोहोचता केला.

ईयोबाने आपल्या मित्रांस अशाच आटणाऱ्या ओढ्याची उपमा दिली आहे. थंडीत तो बर्फाने भरलेला असतो. ऊन तापले की नाहीसा होतो. तेमा व शबा येथील काफले मोठ्या आशेने त्याच्याकडे वळतात आणि फसतात. हे मित्र दुष्ट नव्हते. ते दुरून आले, रडले, सात दिवस भुईवर बसून राहिले. परंतु ईयोबाने तोंड उघडून आपले दुःख सांगितले, तेव्हा त्यांच्याजवळ त्याच्यासाठी ओलावा उरला नाही.

असे का होते? सह्याद्रीचा कातळ पावसाचे बहुतेक पाणी वरूनच वाहू देतो. त्यामुळे आषाढात जेथे शेकडो ओहोळ गर्जतात, तेथेच वैशाखात बाया पाण्यासाठी वणवण करितात. जे थोडे पाणी भेगांतून खोल मुरते, तेच झरा होऊन उन्हाळ्यात उपयोगी पडते. झऱ्याचा आवाज होत नाही, पण मुलाचा जीव त्यानेच वाचतो.

आम्ही हे दुसऱ्या कोणास सांगत नाही. प्रथम आपणांसच सांगतो. आमच्या मंडळीतील एक बंधू प्रभूमध्ये निजले, तेव्हा कबरेजवळ आम्ही त्यांच्या पत्नीस म्हणालो, “बाई, आम्ही आहोत.” त्या वेळी आमचे अश्रू खरे होते. परंतु त्यानंतर चार महिने आमच्यापैकी एकानेही त्यांच्या घरात पाऊल टाकले नाही. त्या आजीबाईंचा हंडा पाहून आम्हांस त्या घराची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो. त्यांनी दोष दिला नाही. बसावयास घोंगडी घातली व पाणी दिले. तो तांब्या हाती घेणे आम्हांस जड गेले.

वाचकहो, नाताळात व वार्षिक सभेत आपल्या मंडळ्या दुथडी भरून वाहतात. हे चांगलेच आहे. परंतु रविवारी ऐकलेले वचन आपल्यात मुरते, की कातळावरून वाहून जाते? कोणाच्या दारी दिलेला शब्द आपण विसरलो आहो काय? येत्या रविवारपूर्वी त्या एका घरी जा. मोठे दान जवळ नसले तरी चालेल. थंड पाण्याचा एक प्याला प्रभू विसरत नाही.

शोमरोनी स्त्रीस जिवंत पाणी देऊ करणारा आमचा प्रभू स्वतःही त्या विहिरीशी भर दुपारी थकून, तहानेला बसला होता. तो आपल्या अंतःकरणात न आटणारा झरा उत्पन्न करो. आमेन.