कोठार कोणाचे, पाणी कोणाचे?

मंगळवेढ्याचे नाव घेतले की महाराष्ट्राला दामाजीपंत आठवतात. बिदरच्या बहामनी राज्यातले ते अधिकारी. दुष्काळात माणसे अन्नान्न करीत मरू लागली, तेव्हा वरून हुकूम नसताना त्यांनी सरकारी कोठार लोकांसाठी उघडले, असे परंपरा सांगते. आपल्या वाचकांना येथे उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ आठवेल. मात्र दोघांत एक मोठा फरक आहे. योसेफाने धान्य विकले. लोकांचे पैसे संपले तेव्हा त्यांनी गुरे दिली, गुरे संपली तेव्हा जमिनी दिल्या आणि अखेर सारी प्रजा फारोची दास झाली (उत्पत्ती ४७). दामाजींनी बदल्यात काही मागितल्याचे कथेत कोठेही नाही.

टंचाईच्या काळात देणारा हात हळूहळू मालकाचा हात होतो. धान्याची जागा पाण्याने घेतली तरी हे बदलत नाही. टँकर कोणाच्या शब्दाने आला हे गावात सर्वांना ठाऊक असते आणि मतदानाच्या दिवशी त्याची आठवणही करून दिली जाते. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातील ३५ गावांनी २००९ मध्ये पाण्यासाठी मतदानावरच बहिष्कार टाकला. निरनिराळ्या पक्षांचे झेंडे लावणारी घरे त्या दिवशी एक झाली. त्या एकजुटीचे मोल कमी लेखू नये. पण ती मागणीची एकजूट होती. मागताना एक होणे त्या मानाने सोपे. स्वतःचा हात आखडून घ्यायची वेळ येते तेव्हा खरी कसोटी लागते.

‘पाण्यात राजकारण आणू नका’ हे वाक्य आपण सभांमधून वारंवार ऐकतो. ते बोलणारा बहुधा व्यासपीठावर बसलेला असतो. (कारखान्याच्या निवडणुकीत कालचे वैरी एका पॅनेलमध्ये बसतात, तेव्हा मतभेद कसे विसरावेत हे आपल्या पुढाऱ्यांना शिकवावे लागत नाही.) राजकारण बाजूला ठेवायचे म्हणजे नेमके काय बाजूला ठेवायचे? पक्ष, की प्रश्न? उसाला किती पाणी जाते, कोणाची कूपनलिका किती खोल गेली, नदीतली वाळू कोण उपसतो, हे विचारणेही ‘राजकारण’ ठरवून टाळले, तर त्या शांततेचा लाभ बलवानालाच होणार.

या बाबतीत एका येशूसंघीय धर्मगुरूंचे काम लक्षात घेण्याजोगे आहे. फादर हर्मन बाखर मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांचे आयुष्य गेले नगरच्या दुष्काळी भागात. १९९३ मध्ये ‘वॉटर’ या पाणलोट विकासाच्या संस्थेच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते. आधी डोंगरउतारावर चर आणि बांध, मग ओढ्यावरचे बंधारे; अन्यथा खालचे बंधारे गाळाने भरून जातात. ही झाली तांत्रिक बाब. परंतु माथ्यावरची जमीन बहुधा गरिबाची किंवा गायरानाची असते आणि विहिरी असतात पायथ्याशी. वर घाम गाळणाऱ्याचे पाणी खाली दुसऱ्याच्या विहिरीत उतरते. शिवाय चराईबंदी झाली की पहिला फटका बसतो मेंढपाळाला. हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेला दिवाळीत जमणाऱ्या धनगर बांधवांना हे वेगळे सांगायला नको. याच मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम करताना ते कोसळून चोखोबांचा अंत झाला, असे सांगतात. ज्याला कुसाबाहेर ठेवले, त्यानेच कूस बांधायचे! श्रमदानाची हाक देताना एवढे ध्यानात असावे.

म्हणूनच वाटपाचा नियम आधी ठरायला हवा. हिवरे बाजारने हे केले. १९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे बिनविरोध सरपंच झाले. त्यानंतर त्या गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी तर पाळलीच, पण शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, हेही ठरवले. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे व जनावरे, मग पिके. हा त्याग कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात मावणारा नव्हे. मंगळवेढ्याला तर त्याचे धडे बाहेरून आणायचीही गरज नाही. येथील काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. थोडक्यात भागवणारे पीक या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक केवळ कॅथलिकांसाठी नव्हे, तर पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला उद्देशून लिहिले. धरतीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश त्यांनी वेगळे मानले नाहीत. आपण सामायिक घराविषयी बोलतो, पण घर सामायिक असले म्हणजे घरात भांडण नसतेच असे थोडेच आहे? भांडणारे भाऊ आडावर मात्र एकमेकांचे पाणी तोडत नाहीत, इतकीच अपेक्षा असते.

हिवरे बाजारमध्येही तीन दशकांच्या बिनविरोध प्रथेनंतर २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झालीच. प्रचार झाला, मतदान झाले आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत मात्र मोडली नाही.